लाल रेघ आणि हिरवं टोपण

निवृत्त झालं तरी नजरेची खोड जात नाही. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात बहिणीनं नवऱ्या मुलाची ओळख करून दिली. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. कोपराच्या आतल्या बाजूला चांगली सरळ, फुगीर, जागेवर बसलेली शीर. मी बहिणीला म्हणाले, "मुलगा छान आहे गं." तिला फार बरं वाटलं. मी कशाबद्दल बोलले ते तिला अजून सांगितलेलं नाही.

बारामतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं रक्त काढलं, तपासलं आणि रिपोर्ट हातात दिले. माहेर इंदापूरचं, नोकरी बारामतीची, आणि दोन्हीच्या मधे दर रविवारची एसटी, असा माझा संसार. संपादक म्हणाले, गमतीदार अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की गमतींच्या आधी माझी एक चूक पुढे येऊन उभी राहते. थोड्या गमती आधी सांगून घेते, म्हणजे चूक सांगायला धीर येईल.

लोकांना वाटतं, रक्त काढणं म्हणजे सुई टोचणं. सुई कुणीही टोचेल. खरं काम आहे शीर ओळखण्याचं. माणसाचा चेहरा मी विसरते, शीर विसरत नाही. वडगाव निंबाळकरचे एक तात्या दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायचे. साखर वाढलेली निघाली की सूनबाई घरातला गूळ कुलपात ठेवायची. एकदा सकाळी तात्यांच्या नावानं एक गृहस्थ उपाशीपोटी येऊन बसले. तसंच धोतर, तशीच टोपी, मिशाही तशाच. मी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "तात्या कुठंयत?" ते म्हणाले, "मीच की." मी म्हटलं, "तात्यांची शीर दोन बोटं आत हाय आणि सुई बघितली की पळती. तुमची तर जागची हलत न्हाय. तुमी त्यांचे भाऊ." बिचाऱ्यांनी लगेच कबूल केलं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून तात्यांनी धाकट्या भावाचं रक्त पाठवलं होतं, आणि स्वतः समोरच्या रसवंतीत बसून उसाचा रस पीत होते.

सुरुवातीच्या काळात काही घरं माझं आडनाव विचारून मग हात पुढे करायची. मी सांगायचे, ताठ मानेनं. एकदोघं उठूनही गेले. पण डेंगीची साथ आली, घरात तीन माणसं तापानं फणफणली की तेच लोक मला घरी न्यायला गाडी पाठवायचे, आणि आडनाव विचारायचं त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. मी मुद्दाम चहा मागून घ्यायचे. घरातल्याच कपातून.

आता लाल रेघेचं सांगते, कारण चूक तिथूनच सुरू होते.

मी नोकरीला लागले तेव्हा रिपोर्ट हातानं लिहायचे. जो आकडा वर किंवा खाली गेला असेल त्याच्याखाली लाल पेनानं रेघ मारायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. पुढे कॉम्प्युटर आला, आकडे ठळक छापून यायला लागले, तरी लोक काउंटरवर थांबून म्हणायचे, "मॅडम, रेघ मारा की." वाचता न येणाऱ्यालाही रेघ वाचता यायची. रेघ नाही म्हणजे घरी जायचं, रेघ आहे म्हणजे डॉक्टरकडे जायचं. माझ्या एप्रनच्या खिशात लाल पेन कायम असायचं, आणि खरं सांगायचं तर त्या पेनाचा मला थोडा गर्व होता. अख्ख्या तालुक्याला माझी रेघ कळते, असं मला वाटायचं.

एक दिवस पणदऱ्याचं कुटुंब आलं. विक्रम, त्याची बायको सारिका, आणि चार वर्षांची मुलगी ईश्वरी. विक्रम साखर कारखान्यात केमिस्ट. उसाच्या रसात साखर किती, ते दिवसभर मोजायचं हे त्याचं काम. ईश्वरी बोलत नव्हती. नावानं हाक मारली तर वळून बघत नव्हती, पण पंखा सुरू झाला की टक लावून बसायची. मुलांच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असल्याचं सांगितलं होतं आणि बारामतीतच रोज सकाळी शिकवणीला न्यायला सांगितलं होतं. तिथल्या बाई तिच्याशी खेळत खेळत बोलणं, बघणं, मागणं शिकवायच्या. सारिका रोज पणदऱ्याहून तिला घेऊन यायची.

विक्रमकडे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. मोबाईलवर त्यानं कुठंतरी वाचलं होतं की काही स्वमग्न मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या रक्तात शरीरावरच उलटणाऱ्या अँटीबॉडी सापडतात. त्याला ती तपासणी हवी होती, मुलीची आणि बायकोचीही. तो म्हणाला, "मॅडम, मी लॅबचा माणूस हाय. मला कुणी नुसतं तोंडानं सांगितलेलं पटत न्हाय. आकडा पायजे."

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. अँटीबॉडी म्हणजे रक्तातलं राखणीचं कुत्रं. बाहेरचा जंतू आला की त्यानं भुंकायचं, चावायचं. कधीकधी ते घरच्याच माणसांवर भुंकतं. ते किती भुंकतं हे बघायची एक तपासणी आहे, तिला एएनए म्हणतात. रक्तातलं पाणी पातळ करत जायचं आणि किती पातळ केल्यावरही ते पेशींना चिकटलेलं दिसतं ते बघायचं. पहिल्याच पायरीवर दिसलं आणि पुढे विरून गेलं, तर कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प बसलं एवढाच अर्थ. धडधाकट माणसांच्या रक्तातही ते सापडतं, बायकांत जरा जास्त. आणि स्वमग्नता आहे की नाही हे तर या तपासणीवरून मुळीच ठरत नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर चूक माझी.

मी चिठ्ठीवाचून तपासणी घेतली. ओळखीच्या गावचा माणूस, एवढ्या आशेनं आलेला, नाही म्हणवलं नाही.

ईश्वरीला कुणी हात लावलेला चालत नसे. सारिकानं मांडीवर घेतलं तर ती किंचाळायला लागली. मी ड्रॉवरमधून कोऱ्या ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या. रक्ताच्या ट्यूबला तपासणीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचं टोपण असतं, आणि आमच्या भिंतीवर त्यांचा तक्ता लावलेला होता. ईश्वरी गप्प झाली. तिनं एकेक ट्यूब उचलून ओळीनं लावली: निळी, लाल, पिवळी, मग थोडी मोकळी जागा, मग जांभळी, करडी. ती लावत असताना मी तिच्या डाव्या हातातून रक्त घेतलं आणि कापूस दाबला. सुई बाहेर काढली की "झालं" म्हणायची मला सवय होती. मी म्हणाले, "झालं." तिनं वर बघितलं नाही. त्या मोकळ्या जागेवर बोट फिरवत बसली. मला वाटलं, चाळा असेल.

आमच्याकडे ही तपासणी होत नसे, रक्त पुण्याला जायचं. चार दिवसांनी रिपोर्ट आले. दोन्ही पॉझिटिव्ह, दोन्ही अगदी पहिल्याच पायरीवर. आमचे डॉक्टर त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. काउंटरसमोर बारा-तेरा माणसं उभी. माझा हात खिशात गेला, पेन निघालं, आणि दोन्ही कागदांवर "पॉझिटिव्ह" या शब्दाखाली मी रेघ मारली. पंचवीस-सव्वीस वर्षांची सवय, डोक्याला न विचारता झाली. विक्रमनं रेघा बघितल्या, कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली. सारिका काहीतरी विचारणार होती. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

दोनेक महिन्यांनी रविवारी इंदापूरच्या एसटीत सारिका दिसली. ईश्वरी खिडकीशी, डोकं काचेला लावून. मुलगी निम्मी झाली होती. मी शेजारी बसले आणि सहज विचारलं, माहेरी निघालीस का? तर तिचे डोळे भरले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. रेघांचे कागद घरी गेले. विक्रमची आई, आक्का, हिनं नातीच्या कागदावरची रेघ बघितली, सुनेच्या कागदावरची बघितली, आणि निकाल देऊन टाकला: पोरीचं रक्त आईकडून नासलंय. रक्तातच दोष आहे तर शिकवणी काय करणार, म्हणून सकाळची शिकवणी बंद झाली. कुणीतरी रक्त शुद्ध करणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. त्यानं काढा दिला आणि दूध, गहू, गूळ बंद करायला सांगितलं. ईश्वरी आयुष्यात तीनच गोष्टी खायची: दूध, चपाती आणि गुळाचा खडा. तिनं जेवणच सोडलं. सारिका कंटाळून तिला घेऊन माहेरी निघाली होती, आणि परत जायचं की नाही ते तिचं ठरत नव्हतं.

"शिकवणीत ती हात धरून पाणी मागायला लागली हुती, ताई," सारिका म्हणाली. "आता तेबी सोडलं. माझ्यामुळंच झालं असंल तर मी तिच्याजवळ राहू का नगं, एवढंच मला सांगा."

मी आयुष्यात हजारो लोकांना टोचलं असेल, पण असं टोचून घ्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. मी तिला सांगितलं, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, मुलीला आजच दूध-चपाती दे. तिनं मान हलवली, पण तिला ते खरं वाटलं नाही. कागदावर रेघ होती ना, आणि तोंडाच्या शब्दापेक्षा रेघ मोठी, हे मीच तर तालुक्याला शिकवलं होतं.

सोमवारी आमच्या लॅबच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते माणूस शांत, पण त्या दिवशी चिडले. चिठ्ठीवाचून तपासणी का घेतली आणि समजावून न सांगता कागद का दिला, एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारले. मग त्यांनी विक्रमला बोलावून घेतलं.

विक्रम आला तो घुश्शातच. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, त्याला पटेना. आकडा आहे, मशीननं दिलाय, मशीन कशाला खोटं बोलेल? शेवटी मी मधे पडले. मी त्याला विचारलं की उसाच्या रसाची साखर मोजायच्या आधी तुम्ही काय करता? तो म्हणाला, आधी साधं पाणी घालून बघतो, काटा शून्यावर येतोय का.

"मग हितं तुमचं पाणी कुठंय?" मी म्हटलं. "ज्यांच्या घरात असं मूल न्हाय, जी ठणठणीत हायत, त्यांचं रक्त बघितलं का तुमी?"

विक्रमच्या धंद्यातलं बोलणं होतं, टाळता येईना.

आमच्या लॅबची एक जुनी पद्धत होती. एखाद्या तपासणीबद्दल शंका आली की आपलं स्वतःचं रक्त काढून बघायचं. मी म्हणाले, माझं पाठवते. आमचे सहकारी सुरेशभाऊ म्हणाले, माझंही घ्या. विक्रमनं हात पुढे केला. आणि चौथं रक्त आक्कांचं. त्या सहज तयार झाल्या. मी पणदऱ्याला गेले तर त्यांनी ओसरीवर चटई टाकून ठेवली होती. "घे बाई," म्हणाल्या, "आमच्याकडचं रक्त चोख हाय, ते एकदाचं समद्यास्नी दिसू दे." सत्तरीच्या बाई, पहाटे उठून चार म्हशींचं दूध काढणाऱ्या. सुई टोचली तरी पापणी लवली नाही. शीर म्हणाल तर दोरखंडच.

डॉक्टर मला म्हणाले, "हे शास्त्र नाही, जुगार आहे. चारही निगेटिव्ह आले तर?" ते खरं होतं. तसं झालं असतं तर हात दाखवून अवलक्षण, आणि सारिकाचा पणदऱ्याचा रस्ता कायमचा बंद. डॉक्टरांनी बजावलं, जे येईल तेच दाखवायचं आणि जे माहीत आहे तेवढंच बोलायचं. ते चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. स्वतःचा रिपोर्ट पॉझिटिव्ह यावा म्हणून वाट बघणारी मी आमच्या लॅबमधली पहिलीच असेन.

रिपोर्ट आले. सुरेशभाऊ निगेटिव्ह. विक्रम निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह, पहिल्या पायरीवर, अगदी सारिकासारखी. आणि आक्का पॉझिटिव्ह, सुनेपेक्षा एक पायरी वर. शेरास सव्वाशेर.

त्या संध्याकाळी डॉक्टर आणि मी पणदऱ्याला गेलो. डॉक्टरांनी आधी आक्कांना सांधे, पुरळ, ताप याबद्दल विचारलं, हात-पाय तपासले. काहीही नव्हतं. मग सगळे कागद चटईवर मांडले आणि सावकाश सांगितलं. ते राखणीच्या कुत्र्याचं मी सांगितलं. विक्रम कितीतरी वेळ माझा कागद आणि सारिकाचा कागद शेजारी शेजारी धरून बघत होता. त्यानं विचारलं, म्हणजे अँटीबॉडीचा आणि मुलीच्या आजाराचा काहीच संबंध नाही? डॉक्टर म्हणाले, तसंही म्हणता येत नाही. शोध घेणारे शोध घेतायत, उद्या काही सापडेलही. आज या कागदावरून मुलीबद्दल काही कळत नाही आणि आईबद्दल तर मुळीच नाही. आज जे उपयोगी पडतं ते सकाळच्या शिकवणीत आहे.

आक्कांनी स्वतःचा कागद उचलला, उलटासुलटा केला.

"ह्यावं रेघ कुठं हाय?"

मी म्हटलं, "मारली न्हाय, आक्का."

"का? सूनंच्या कागदावं मारलीस, माझ्याच का न्हाय?"

"तिच्या कागदावर मारली, ती माझी चूक झाली."

हे वाक्य मी नोकरीत कुणासमोर कधी बोलले नव्हते. बोलल्यावर हलकं वाटलं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पण बाई मोठी सरळ. कागद खाली ठेवला आणि लेकाला म्हणाल्या, "गाडी काढ. इंदापूरला जायाचंय. मी येती संगं. मीच बोलले हुते, मीच आणीन." निघताना त्यांनी चुलीजवळच्या डब्यातून गुळाचा एक मोठा खडा घेतला आणि पदराला बांधला.

आम्हाला चहाला थांबवायचं मात्र त्या विसरल्या नाहीत. कप घरातलेच होते. मी बघितलं.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. विक्रमनं पाळी बदलून घेतली आणि आठवड्यातले तीन दिवस तो स्वतः तिला आणू लागला. चमत्कार काही झाला नाही, तो व्हायचाही नव्हता. ईश्वरी आजही गर्दीत कानांवर हात ठेवते. पण ती पाणी मागते, दूध मागते, आक्कांच्या मागे गोठ्यात जाऊन चारही म्हशींची नावं घेते. शाळेत जाते. आणि मी त्या दिवसापासून रेघ मारायची सोडली. लोक कुरकुरले. मी दोन मिनिटं थांबून तोंडानं सांगायला लागले. काउंटरवरची रांग लांबली, डॉक्टर हसायचे, पण त्यांनी मला कधी घाई केली नाही. हेच मला इतक्या वर्षांत आधी का सुचलं नाही, याची खंत आहे. किती घरांत माझी रेघ गेली असेल आणि तिथं काय काय झालं असेल, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

ईश्वरी अधूनमधून हिमोग्लोबिनसाठी यायची. दर वेळी मी कोऱ्या ट्यूब द्यायचे, दर वेळी ती त्याच ओळीनं लावायची आणि तीच जागा मोकळी सोडायची. चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मागे वळून भिंतीवरचा तक्ता बघितला. पिवळी आणि जांभळी यांच्यामधे हिरवं टोपण होतं. त्या ट्यूबच्या तपासण्या आमच्याकडे होत नसत, म्हणून हिरवी आम्ही कधी मागवलीच नव्हती. रोज तक्त्याखाली बसणाऱ्या मला जे दिसलं नव्हतं ते चार वर्षांच्या पोरीनं पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं, आणि आम्ही म्हणत होतो, ही कुठं बघतच नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी लॅबमध्ये पेढे, हार, भाषणं असं सगळं झालं. दुपारी सारिका ईश्वरीला घेऊन आली. आता ती दहा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. मी ट्यूब काढून दिल्या. तिनं लावल्या. निळी, लाल, पिवळी, जागा, जांभळी, करडी. मग मी पुण्याच्या लॅबमधून मुद्दाम मागवून घेतलेली हिरव्या टोपणाची ट्यूब एप्रनच्या त्याच खिशातून काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

ती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग दोन बोटांनी उचलली, मोकळ्या जागेत ठेवली, शेजारच्या दोन्हींशी टोकाला टोक जुळवून सरळ केली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून, सुई काढल्यावर मी म्हणायचे अगदी तशाच आवाजात, म्हणाली, "झालं."